पास्कल मास्तरांची दाढ आणि तिसरा पुकारा

अक्कलदाढ आणि सरकारी मदत या दोन गोष्टी गरज संपल्यावर येतात, जागा नसताना येतात आणि एकदा आल्या की त्यांना आवरायला बाहेरून माणूस बोलवावा लागतो. पैकी सरकारी मदतीबद्दल आजवर पुष्कळ लिहून झालं आहे. दाढेबद्दल मात्र जनतेला पुरेशी माहिती नसल्यामुळे ऐन वेळी तारांबळ उडते. ती उडू नये म्हणून वसईच्या पश्चिमेकडच्या एका गावातले शिक्षक पास्कल मास्तर यांचं प्रकरण इथे क्रमवार देत आहोत. साल एकोणीसशे त्र्याऐंशी. दाढ खालची, डावी.

प्रथम रुग्णाची ओळख. गावात एकसष्ट घरं होती आणि नाही म्हणणारा माणूस एक होता. तो म्हणजे मास्तर. शाळेच्या कौलांचं कंत्राट, सणाच्या बँडचा दर, क्रूसाला कोणता रंग द्यायचा, अशा एकूण एकोणीस बाबतींत मास्तरांनी उभं राहून हरकत घेतली होती आणि त्यांतल्या सतरा वेळा गाव वाचलं होतं. (उरलेल्या दोन वेळा बँड खरोखरच चांगला निघाला.) बाकीची साठ घरं त्यामुळे निर्धास्त असत. आपल्या मनातलं मास्तर बोलतीलच, मग आपण कशाला कोणाच्या डोळ्यांवर या, असा साधा हिशेब होता. सभेहून परतताना लोक मास्तरांच्या पाठीवर थाप मारत आणि प्रस्ताव मांडणाऱ्याच्या घरी जाऊन, मास्तर जरा हेकटच आहेत, असं म्हणत चहा पीत.

या गावाची हरकत घेण्याची पद्धत समजून घेतल्याशिवाय दाढेचा पुढचा भाग कळणार नाही. लग्न ठरलं की चर्चमध्ये तीन रविवार वधूवरांची नावं पुकारतात. कोणाला काही माहीत असेल तर त्याने बोलावं, नसेल तर कायमचं गप्प राहावं. पूर्वजांना ही रीत इतकी आवडली की त्यांनी ती जमिनीलाही लावली. गावकीची कुठलीही गोष्ट द्यायची-घ्यायची झाली की तीन रविवार मिस्साच्या उपासनेनंतर क्रूसासमोर पुकारा होई. तिसऱ्या रविवारी अध्यक्ष तीनदा विचारी, ‘कोणाची हरकत?’ हरकत घ्यायची ती घरातल्या कर्त्या माणसाने, उभं राहून आणि तोंडाने. लेखी हरकत चालत नसे, कारण पूर्वजांना वाचता येत नव्हतं आणि त्यांचा अपमान करण्याची कोणाची इच्छा नव्हती.

त्या वर्षी पुकारा निघाला तो मोठ्या बावखलाचा. बावखल म्हणजे वाड्यांच्या मधोमध खणलेलं गोड्या पाण्याचं तळं. चार महिने पाऊस पिऊन ते आठ महिने गावच्या विहिरींना पाजत असतं. केळी, पानवेली, मोगरा, सगळं त्याच्याच जिवावर. (सरकारी दप्तरात त्याची नोंद ‘पाण्याखालील पडीक जमीन’ अशी होती.) मास्तर तिथेच पोहायला शिकले होते आणि पुढे गावातल्या तीन पिढ्यांना त्यांनीच तिथे ढकलून पोहायला शिकवलं होतं. त्या पाण्यावर त्यांचा जीव होता. असा जीव त्यांनी शाळेलाही कधी लावला नाही.

हे बावखल बुजवून तिथे चार मजली इमारती उठवाव्यात असा प्रस्ताव कॉन्रॅडने आणला. कॉन्रॅड आखातातून परतलेला, सावलीतही गॉगल घालणारा, स्वभावाने अत्यंत गोड माणूस होता. बिल्डरतर्फे त्याने प्रत्येक घराला एक मिक्सर कबूल केला. गावात त्या वेळी वीज दिवसातून सहा तास असे; पण मिक्सर ओट्यावर ठेवला तरी शोभतो, हे त्याने पटवून दिलं. खासगीत सगळेच म्हणत होते की बावखल गेलं तर गाव जाईल. आणि खासगीतच म्हणत होते की मास्तर आहेत ना.

आता वैद्यकीय भागाकडे वळू. तिसऱ्या पुकाऱ्याच्या आदल्या शुक्रवारी मास्तरांची दाढ सुजली. अक्कलदाढ सुजली की रुग्णास पुढील गोष्टी अपेक्षित असतात: गाल फुगणे, ताप चढणे, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या मामेभावाची दाढ याहून वाईट कशी होती हे ऐकणे. शनिवारी जबडा एक बोटभरसुद्धा उघडेना. एवढ्याशा फटीतून ‘हरकत’ हा शब्द काही बाहेर पडला नसता. मास्तरांनी गणिती डोक्याने विचार केला: रविवारी सकाळी सात वाजता दाढ काढायची, अर्ध्या तासात मोकळं व्हायचं आणि अकराला खणखणीत हरकत घ्यायची. बायको रोझमेरी म्हणाली, तुम्ही घरी निजा, मी सभेला जाते. मास्तर घरी राहिले असते तर घरातली कर्ती म्हणून तिला बोलता आलंही असतं. पण दुसऱ्याच्या तोंडच्या नकारावर मास्तरांचा विश्वास नव्हता.

दाताचा दवाखाना स्टेशनजवळ, पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर होता. गिरणी चालू असली की खुर्ची थरथरे आणि त्यामुळे आपण भीतीने थरथरतोय हे रुग्णाला कळत नसे. वीज गेली की गिरणी बंद पडे आणि वरच्या खुर्चीतले आवाज खाली दळण घेऊन उभ्या असलेल्यांना स्वच्छ ऐकू येत. त्या गिरणीसमोरची रांग तालुक्यात सर्वांत शिस्तीची म्हणून प्रसिद्ध होती.

डॉक्टरांनी आधी सुई दिली. यानंतर रुग्णाची जीभ, ओठ आणि हनुवटी त्याची स्वतःची उरत नाहीत. हात लावून पाहिल्यास ती शेजाऱ्याची वाटतात. मग तोंडात एक आरसा, एक चिमटा, दोन बोळे आणि डॉक्टरांची चार बोटं एवढं सामान भरण्यात येतं. ते भरून झालं की डॉक्टर विचारतात, ‘दुखतंय का?’

मास्तर काहीच बोलले नाहीत. डॉक्टरांनी मान डोलावली आणि पुढे सुरुवात केली. या शास्त्राची सगळी प्रगती याच पायावर झालेली आहे. त्या दवाखान्यात गेल्या नऊ वर्षांत चार हजारांवर दाढा निघाल्या आणि अठ्ठ्याण्णव टक्के रुग्णांनी काम चालू असताना एका शब्दाचीही तक्रार केली नाही. (उरलेले दोन टक्के आरसा घेऊन पळाले.)

मास्तरांची दाढ आडवी निघाली. पावणेनऊला वीज गेली. खाली गिरणी थांबली, रांग सावरून उभी राहिली. कंपाउंडर बळीराम हा खाडीकाठच्या गावचा; त्याने शांतपणे दात पोखरायच्या यंत्राला शिलाई मशीनसारखं पॅडल जोडलं.

‘घाबरू नको मास्तर,’ तो म्हणाला, ‘म्या भाताला पानी द्यायला उभा जन्म पायानं रहाट मारलाय.’

बळीरामने एक तास चाळीस मिनिटं पाय मारले. मधून मधून डॉक्टर विचारत होते, दुखतंय का, आणि उत्तर नसल्यामुळे सर्वांचंच समाधान होत होतं. साडेदहाला दाढ निघाली. डॉक्टरांनी दोन टाके घातले, त्यावर मुठीएवढा कापूस दाबला आणि बजावलं की तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही, नाहीतर रक्त थांबणार नाही. दाढ कागदाच्या पुडीत बांधून दिली. मास्तर जिने उतरले तेव्हा दळणाच्या रांगेने त्यांना आदराने वाट दिली.

एसटी पकडून मास्तर नि रोझमेरी क्रूसापाशी पोहोचले तेव्हा अध्यक्ष हिलरीचं पहिल्यांदा विचारून झालं होतं. मास्तरांचा गाल बघून सभेत हळहळ पसरली. लोकांनी त्यांना सावलीत बसवलं, कोणी टोपीने वारा घातला. अख्खं गाव त्यांच्याकडे बघत होतं, आणि त्यांच्याच भरवशावर गप्प होतं.

‘कोणाची हरकत?’ हिलरीने दुसऱ्यांदा विचारलं.

मास्तर उठले. त्यांनी दोन्ही हात हलवले. तोंडातून काहीतरी आलं, पण बधिर जीभ आणि मुठीएवढा कापूस यांतून जे येईल त्याला कुठल्याच भाषेत अर्थ नव्हता. जुलियाना मावशी, गावातली सगळ्यांत वडील बाई, धावत आली आणि तिने त्यांचा जबडा खालून तळहाताने घट्ट मिटला.

‘बोलू नको रे बाबा,’ ती म्हणाली, ‘टाकं तुटंल, रगत येल.’

मास्तरांनी कापूस थुंकायचा प्रयत्न केला. दोघांनी त्यांचे हात धरले. हे सगळं निव्वळ प्रेमापोटी चाललं होतं, हे नोंदवलं पाहिजे. मास्तरांनी खिशातून खडू काढला आणि क्रूसाच्या चौथऱ्यावर, अवघ्या तालुक्यात नावाजलेल्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘माझी हरकत आहे.’ सगळ्यांनी वाचलं. अक्षराचं कौतुकही झालं. हिलरी मोठ्या दुःखाने म्हणाला की लेखी चालत नाही, मास्तर, रीत आहे. रोझमेरी उभी राहिली, तर तिला प्रेमाने सांगण्यात आलं की कर्ता माणूस हजर असताना बायकोने बोलायची पद्धत नाही.

मग तिसऱ्यांदा विचारून झालं. एकसष्ट घरांपैकी एका घराच्या तोंडात कापूस होता. बाकीची साठ घरं मास्तरांकडे बघत राहिली. कॉन्रॅडने गॉगल पुसला. हिलरीने थोडा वेळ वाट पाहिली. अगदी नियमापेक्षा जास्त पाहिली, कारण त्याचीही केळीची वाडी बावखलाच्या पाण्यावरच होती. पण अध्यक्षाने हरकत घ्यायची नसते. प्रस्ताव एकमताने मंजूर झाला. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं. लोक म्हणाले, सुईचा अंमल उतरतोय, आता दुखणारच.

दाढ काढल्यानंतर रुग्णाने पुढचे दोन दिवस काय अपेक्षावं? सूज, पातळ पेज, आणि माणसं. सोमवारी संध्याकाळी मास्तरांच्या ओट्यावर पंचवीसेक माणसं विचारपूस करायला जमली. येताना प्रत्येकाने प्रथेप्रमाणे सुकेळी आणली होती. सुकेळी म्हणजे उन्हात वाळवलेलं केळं, मधासारखं गोड आणि डिंकासारखं चिकट. नुकतीच दाढ काढलेल्या माणसाला देण्यास याहून निरुपयोगी पदार्थ अद्याप सापडलेला नाही. जो तो हळूच सांगू लागला की बावखलाचं फार वाईट झालं, आम्हांला तर आधीपासूनच मान्य नव्हतं. शेवटी हिलरीच म्हणाला, ‘मास्तर, तुम्ही काहीतरी करून बोलायला हवं होतंत.’

मास्तरांनी कापूस काढला. तीस तासांत ते पहिल्यांदा बोलले.

‘माझ्या तोंडात कापूस होता, हिलरी. तुम्हां साठ घरांच्या तोंडात काय होतं?’

 तेवढ्यात जुलियाना मावशीने सुकेळीचं ताट फिरवलं. सगळ्यांनी घाईघाईने एक एक तुकडा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत बसले.

मे महिन्यात बावखलात माती पडली. मिक्सर वेळेवर आले. दोन पावसाळे गेले आणि विहिरींचं पाणी खारं झालं. दंतवैद्यकाच्या दृष्टीने मात्र ही सोयच म्हणायची: दाढ काढल्यावर दिवसातून चार वेळा मिठाच्या पाण्याने गुळण्या कराव्या लागतात, आणि त्यासाठी आता त्या गावात वेगळं मीठ घालावं लागत नाही. पिण्याचं पाणी टँकरने येतं. तो टँकर दुसऱ्या एका गावातल्या विहिरीवर भरतात, आणि त्याला त्या गावात कोणाची हरकत असल्याचं ऐकिवात नाही. मास्तर अजून रोज संध्याकाळी इमारतींसमोर उभे राहतात. जिथे पोरांना ढकलायचे तिथे आता स्कूटरी लावतात. मास्तर तिथे उभं राहून मोठ्याने ‘नाही’ म्हणतात, आणि वॉचमन त्यांना सलाम करतो.

थोडक्यात, अक्कलदाढ काढण्याला जनतेने घाबरू नये. शेवटी वाचकाने एकच तपासणी करावी. जीभ तोंडात सावकाश फिरवावी. कापूस नाही? टाके नाहीत? ओठाला बधिरपणा नाही? मग प्रकृती उत्तम आहे. परवाच्या सभेत तिसऱ्यांदा ‘कोणाची हरकत?’ विचारलं, तेव्हा आपण मान खाली घालून चहाच्या कपात बघत बसला होतात. त्याचं कारण वैद्यकीय नव्हतं, एवढंच नम्रपणे कळवायचं आहे.