इस्त्री केलेली जास्वंद

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमधले परबकाका फुलांना इस्त्री करत. पहिल्यांदा हा प्रकार पाहिला तेव्हा मी त्यांच्याकडे पेपर मागायला गेलो होतो. काका जास्वंदीची पाकळी दोन फडक्यांत ठेवून तिच्यावर इस्त्री फिरवत होते. आतून काकू बजावत होत्या, की उद्या शर्टाला डाग पडले तर मी धुणार नाही. पेपर मागायचाच राहिला.

"ओलो रंग फसवता," काका म्हणाले. "सुकलो की खरो कळता."

काका लालबागच्या एका मिलमध्ये रंगखात्यात होते. गिऱ्हाईकाच्या नमुन्याशी कापडाची शेड जुळवायची, हे त्यांचं काम. संप झाला, मिलला टाळं लागलं आणि काकांनी तळमजल्यावरच्या आपल्या खिडकीपुढे डालड्याच्या डब्यांत बाग लावली. माणसाला काहीतरी विरंगुळा हवाच, असं मी म्हणालो. तिथे माझं चुकलं.

"विरंगुळो कसलो?" काका म्हणाले. "मिल उघडली की माका बोलावणां येतलां. तोपर्यंत नजर मोडली तर? नुसती बसली की नजर मोडता रे."

म्हणजे ती बाग नव्हतीच, नजरेची तालीम होती. दर रविवारी ते मला कुंड्या उचलायला घेऊन नर्सरीत जात. आम्ही दिसलो की तिथला माळी तोंड फिरवी. काका त्याला प्रत्येक रोप छपराच्या उत्तर बाजूला न्यायला लावत, कारण मिलमध्ये रंग उत्तरेच्या उजेडातच बघत.

"ही झिनिया मागच्या रविवारपेक्षा अर्धो पॉइंट गडद," काका म्हणत.

"काका, लाल म्हणजे लालच ना," माळी कळवळून म्हणे.

"कुठलो लाल?"

मग माळी माझ्याकडे बघे आणि मी त्याच्याकडे. मला खात्रीने ओळखता येणारे रंग तीनच, तेही सिग्नलमुळे.

बागेत डबे फिक्यापासून गडदापर्यंत रांगेने लावलेले. एखादं फुललेलं रोप त्या रांगेत बसलं नाही, की काका ते उपटून शेजाऱ्यांना देऊन टाकत. आमच्या घरी असे सात नापास तेरडे होते. आम्हाला ते फार आवडत, पण काका येताना दिसले की बायको ते घाईघाईने मोरीत नेऊन ठेवी.

एकदा मी चांगल्या मनाने त्यांना संध्याकाळी फुलणारी गुलबक्षी नेऊन दिली. तिला एकाच झाडावर पिवळी, गुलाबी आणि दोन्हींची सरमिसळ झालेली फुलं आली. काका तिच्यासमोर पाट टाकून बसले. "एका लॉटात तीन शेड. असल्या कामाक आमच्याकडे घराक धाडत." आता ती उपटली जाणार, म्हणून मी पिशवीही उघडली. तर काकांनी तिला तांब्याभर पाणी घातलं. "संध्याकाळच्या पाळीक येता बिचारी," म्हणाले. या माणसाचा थांग मला कधी लागला नाही.

मग एका शनिवारी रंगखात्यातला त्यांचा जुना सोबती आला. मीही तिथेच होतो. चहा झाल्यावर त्याने सांगितलं, की रंगखात्यातली यंत्रं कापून भंगारात गेली. मिल उघडली तरी ते खातं आता उघडणार नाही. काका "बरां" म्हणाले. त्याला सगळी बाग दाखवली, डब्याडब्यापाशी थांबून शेड सांगितली आणि बसस्टॉपपर्यंत पोचवून आले. त्यांना ती बातमी कळली की नाही, हेच मला कळेना.

दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे नर्सरीत गेलो. झिनियाची नवी रोपं आली होती. माळ्याने न सांगताच दोन कुंड्या उत्तर बाजूला नेऊन ठेवल्या आणि भांडणाच्या तयारीने उभा राहिला.

"बोला काका, कुठला लाल?"

काकांनी कुंड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कुठलोय एक दी," म्हणाले आणि फाटकाकडे चालू लागले.

मी जवळची कुंडी उचलली, तर माळ्याने माझा हात धरला. त्याने दोन्ही कुंड्या उजेडात धरल्या, खाली ठेवल्या, पुन्हा उचलून डोळ्यांजवळ नेल्या.

"थांब रे जरा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्यांना चुकीचा नको जायला."