दौलतरावांची पेटी

दौलतराव जेवायला बसत तेसुद्धा पेटीवर. पाट मांडलेला असे, पण ते म्हणत, "पेटी गेली त मानूस गेला, मास्तर!"

पेटी म्हणजे सिनेमाच्या रिळांची पत्र्याची पेटी. घाटंजीच्या तंबूत सिनेमा लागला की तिच्यासोबत कंपनीचा माणूस म्हणून दौलतराव येत आणि आमच्या पडवीत मुक्काम ठोकत. तंबूत राहायची त्यांना भीती वाटे. एका गावासाठी आणलेली पेटी गुपचूप दुसऱ्या गावी न्यायची, तिथं खेळ करायचा आणि कंपनीला पत्ता लागू द्यायचा नाही, ही चोरी तेव्हा सर्रास चाले. ज्याच्या ताब्यातून पेटी गेली, त्याची नोकरीही गेली. साठीला आलेल्या दौलतरावांना दुसरी कोण देणार?

त्यामुळे त्यांना जिकडेतिकडे चोरच दिसत. पानठेल्यावर कोणी सिनेमाची गोष्ट सांगू लागला की हे धावलेच. "फुकट कहानी काहून सांगून राह्यला बे? चोरी हाये ते!" माझी बायको पोळ्या लाटताना गुणगुणली तर पडवीतून आवाज येई, "वहिनी, गानं कंपनीचं हाये." ती बिचारी खरोखरच घाबरून गप्प बसे.

एकदा ते तापानं फणफणले. नेमकी त्याच दिवशी तंबूमालकाची दोन दांडगी माणसं सकाळपासून आमच्या फाटकाशी विड्या ओढत उभी. त्यांचा डोळा पेटीवरच आहे, हे आम्ही ओळखलं. दौलतरावांचा डोळा लागल्यावर आम्ही दोघांनी पेटी ओढत स्वयंपाकघरात नेली आणि बायकोनं तिच्यावर बसकण मारली.

तेवढ्यात आमच्या भजनी मंडळाचा नामदेव रस्त्यावरून ओरडला, "मास्तर, पेटी पारवा गावाले गेली बरं! बंडीत टाकली!"

दौलतरावांनी डोळे उघडले. खाटेखाली हात फिरवला. खाली नुसती जमीन. ते अनवाणी पळत सुटले. "अहो, ती पेटी नव्हे!" मी मागून ओरडत होतो. भर उन्हात, तापलेल्या अंगानं हा माणूस रस्त्यातच कोसळतो की काय, या धास्तीनं मीही मागोमाग धावलो.

नाल्यापाशी त्यांनी बैलबंडी गाठली आणि घोंगडी ओढली. खाली भजनाची हार्मोनियम होती. आमच्याकडे तिलाही पेटीच म्हणतात.

आता हे हसतील असं मला वाटलं. पण ते बंडीत चढून बसले, भाता उघडला आणि वाजवू लागले. नामदेव धापा टाकत आला, तो तसाच बघत उभा राहिला.

"मुक्या सिनेमाले मीच पेटी वाजवत होतो, मास्तर. पडद्यापुढं बसून. मंग सिनेमा बोलाले लागला. मालक म्हने, आता तुही पेटी कायले पाह्यजे?"

एकदम त्यांचा हात थबकला. चेहरा पांढराफटक पडला. "माही पेटी?"

"घरी आहे. हिला वर बसवून आलोय."

त्यांनी डोळे पुसले. मग नामदेवकडे, चोरी करताना सापडल्यासारखं बघत, हळूच विचारलं, "तुमची हाये... पन अजून एक डाव वाजवू का?"