लांजेवार सर बोलायचे थांबले

नागपुरात नंदनवन भागातल्या आमच्या इमारतीत कुणाच्या घरी लग्न ठरलं, की पत्रिकेचा मसुदा आधी देवापुढे ठेवतात आणि मग लांजेवार सरांपुढे. देव इंग्रजीच्या चुका काढत नाही. सर काढतात. एका कुटुंबाने त्यांना न दाखवताच पत्रिका छापली, तर सर अक्षता टाकून स्टेजवर चढले आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या कानाशी लागून म्हणाले, "सगळं झकास झालं गा. फक्त एक 'द' राहिला." कुणाचा तरी मानपान राहिला असं वाटून वडील बिचारे घाबरून गेले.

सरांचं दार आमच्या दारासमोरच. मूळचे उमरेडचे, आणि मॅट्रिकला नापास झाले ते इंग्रजीतच. "तिनं मले पाडलं, म्हणून मी तिचा हात धरून उठलो," असं ते सांगत. पुढे शाळेत आयुष्यभर इंग्रजीच शिकवलं. निवृत्त झाल्यावर घरातली पुढची खोली क्लासला दिली.

शिकवण्याची रीत मात्र अगदी घरची. "आपला वऱ्हाडी माणूस काय म्हणते? मी जेवून राहिलो. ह्या 'राहिलो'च्या जागी इंग्रजीत 'ॲम' बसते. अर्धं इंग्रजी तुले तुह्या मायनंच शिकवलं आहे, उरलेलं मी शिकवतो." एकदा आमच्या फाटकाशी एक ऑटोवाला फोनवर कुणाला तरी "येऊन राहिलो, येऊन राहिलो" सांगत होता. सर थांबले. "काळ बरोबर आहे," म्हणाले, "पण तू तं हललाच नाही."

असा माणूस सलग व्याकरण शिकवण्याचा विक्रम करायला निघाला, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. मंगल कार्यालयाचा हॉल घेतला. जिथे एरवी नवरा-नवरी बसतात तिथे फळा लावला. दोन दिवस सर बोलत होते. नाम, सर्वनाम, क्रियापद, सगळी वरात एका ओळीने गेली. अट अशी होती, की समोर ठरावीक विद्यार्थी कायम जागे हवेत. पोरं पेंगू लागली, तसं लांजेवारकाकूंनी पाण्याचा तांब्या हातात घेतला आणि रांगेरांगेतून फिरून एकेकाच्या डोळ्यांना पाणी लावलं. एक मुलगी उठून घरी गेली, तर तिच्या जागी काकू स्वतः बसल्या. सातवीपर्यंत शिकलेली बाई, पदर सावरून कर्मणी प्रयोग ऐकत होती. शेवटी सरांचा घसा पार बसला. ते कुजबुजत शिकवत होते आणि काकू पुढच्या बाकावरून मान डोलवत होत्या. विक्रम झाला. प्रमाणपत्र भिंतीवर लागलं.

काकू तशा अबोलच. त्या घरात बोलायची सगळी जागा सरांनीच घेतलेली.

गेल्या वर्षी दुसऱ्या राज्यातल्या एका शिक्षकाने तो विक्रम मोडला. सरांचे जुने विद्यार्थी पेटून उठले. पुन्हा हॉल ठरला. सर सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमध चघळू लागले. आणि एका सकाळी भाजी चिरता चिरता काकू विळीवरून बाजूला कलंडल्या.

धंतोलीतल्या दवाखान्यात काकूंचा जीव वाचला. उजवा हात आणि बोलणं गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं, पण शब्द जिभेवर येत नसे. डॉक्टरांनी सरांना बजावलं, "शब्द तुम्ही पुरवू नका. त्यांचा त्यांना शोधू द्या. कितीही वेळ लागो, तुम्ही गप्प बसा."

सरांनी क्लास बंद केला. विद्यार्थी येऊन म्हणाले, "सर, हॉलचं काय करायचं?"

"रद्द करा," सर म्हणाले. "मले आता बोलाले फुरसत नाही."

परवा दुपारी मी डब्यात वरण-भात घेऊन गेले. काकू पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. समोर स्टुलावर सर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून. काकू काहीतरी शोधत होत्या. त्यांचे ओठ हलले, तसे सरांचेही हलले. तो शब्द सरांच्या अगदी तोंडाशी आला होता. सरांनी ओठ घट्ट मिटले. मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाले, "बसा शैलाताई. मी चहा ठेवतो. ती बोलली तं ऐका, मधात बोलू नका."

सर आत गेले. काकूंनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं.

"हे..." त्या म्हणाल्या.

मी वाट पाहिली. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला, त्याचा आवाज पार कोपऱ्यापलीकडे विरला.

"हे... जेवत..."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"जेवत नाही," काकूंनी वाक्य पुरं केलं. कपाळावर घाम आला होता. माझ्या डब्याकडे बोट करून म्हणाल्या, "वाढ वं."

तेव्हा मी सरांकडे नीट पाहिलं. ते दारात उभे होते. सदरा खांद्यांवरून उतरला होता, गळ्याची हाडं दिसत होती. आम्ही रोज जिन्यात भेटत होतो. दवाखान्यातून आल्यापासून काकूंचं हेच सांगायचं चाललं होतं, आणि आम्ही सगळे त्यांना पाणी हवं का, उशी हवी का, विचारत होतो.

मी ताट वाढलं. सर पलंगाशी जमिनीवर मांडी घालून बसले आणि खाली मान घालून जेवू लागले. मधेच एकदा त्यांनी बाहीने डोळे पुसले. काकू एकेक घास पाहत होत्या. भात संपत आला, तशा त्या वाकल्या आणि डाव्या हाताने वरणाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.