दुधी उतरला दुसऱ्या मजल्यावर

"येत्या रविवारी माझ्या लेकीच्या ताटात जो घास पडेल, तो या गॅलरीतला असेल! बाजारची एक काडी या घरात येणार नाही!"

दिलीपरावांनी ही घोषणा केली तेव्हा त्यांच्या एका हातात झारी होती, दुसऱ्या हातात खुरपं आणि डोक्याला पंचा. नंदिनीताई आत मेथी निवडत बसल्या होत्या. बाजारचीच.

"तांदूळही गॅलरीत पिकवलेत वाटतं?"

"तांदूळ सोडून!"

"आणि तेल?"

"तेलही सोडून! नंदिनी, माणसाच्या उत्साहाला कीड लावायची तुझी सवय काही जात नाही."

"कीड लागलीच आहे," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वांग्याला. बघा जाऊन."

दिलीपरावांचं सगळं आयुष्य न्हावा शेवा बंदरात गेलं होतं, माल सोडवून देणाऱ्या एका हापिसात. कुठल्या कुठल्या देशांचे कंटेनर त्यांनी कस्टमच्या तावडीतून सोडवले. पण निवृत्त होऊन करंजाड्याच्या फ्लॅटमध्ये शेती मांडली, आणि या माणसाला कोथिंबिरीची एक जुडी काही गॅलरीतून सोडवता येईना! टोमॅटो आले ते हरभऱ्याएवढे. पालक वर आला की कबुतरं पंगतीला बसायची. मिरचीला फुलं इतकी लागली की नवरीच्या गजऱ्याला पुरावीत, मिरची मात्र एकही धरली नाही.

यश आलं होतं एकाच गोष्टीत. दुधी!

वेल अशी फोफावली होती की विचारू नका. कोवळी, लुसलुशीत, सासरी रमलेल्या सुनेसारखी चारी अंगांनी पसरत गेलेली. फुलं संध्याकाळी उमलायची, पांढरीशुभ्र. दिलीपराव रंगाचा ब्रश घेऊन या फुलाचे पराग त्या फुलाला लावायचे आणि लावताना, कोणी ऐकत नाही असं बघून, गुणगुणायचे,

"फूल बाई फूल, तुला पानाचा पाळणा,
लेकीच्या घासाला आता उशीर लावू ना."

आणि खरोखर एक दुधी धरला. एकुलता एक.

त्याचं असं झालं. अबोलीला, त्यांच्या एकुलत्या एक लेकीला, तिसरा महिना लागला होता. ऐरोलीला सासर, माणसं मायेची, पण पोरीच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नव्हता. वरण नको, भात नको, फोडणीचा आवाज ऐकला तरी पळत सुटायची. गाल बसले होते. व्हिडिओ कॉलवर तिचा चेहरा दिसला की दिलीपराव फोन नंदिनीताईंकडे द्यायचे आणि उगाच झाडांना पाणी घालायला जायचे. तीच झाडं, सकाळी घातलेलंच पाणी.

एक दिवस त्यांनी विचारलं, "बाळा, काहीतरी खावंसं वाटतच असेल ना गं?"

 पलीकडून बारीक आवाज आला, "दुधी खावासा वाटतोय, बाबा. म्हणजे नुसता नाही..."

"बास! कळलं!" म्हणत दिलीपरावांनी फोन ठेवलासुद्धा. लेकीला पहिला डोहाळा लागला तो बापाच्या गॅलरीतल्या दुधीचा! त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. रविवारी अबोलीची चोरओटी ठरली होती. ही ओटी तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घरातल्या घरात, गाजावाजा न करता भरतात. त्या दिवशी तिला याच दुधीची भाजी जेवू घालायची, असा त्यांनी पण केला.

अडचण एकच होती. दुधी तिसऱ्या मजल्यावर राहायला तयार नव्हता.

वेल ग्रिलमधून बाहेर पडली, खाली झुकली, आणि दुधी जाऊन लोंबला थेट दुसऱ्या मजल्यावर, जमुनाबाईंच्या ग्रिलमध्ये! जमुनाबाई मूळच्या जासईच्या. दणकट बाई, दणकट आवाज. त्या ग्रिलमध्ये सुपात जवळा वाळत घालायच्या, आणि ती बारीक सुकी कोळंबी उन्हात तापली की तिचा वास वरच्या गॅलरीत पाहुण्यासारखा येऊन बसायचा. दिलीपरावांच्या घराण्यात मासळीचं नाव नव्हतं. त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभं राहून तक्रार केली होती.

"वास येतो, वास येतो, काय करता?" जमुनाबाईंनी तिथंच सुनावलं होतं. "तुमच्या त्या शेणाच्या डब्यांचा वास आमी कोनाला सांगायचा, साहेब? आमी बोलतो का?"

तेव्हापासून दोन मजल्यांत बोलणं बंद. आणि आता घरचा दुधी शत्रूच्या गोटात!

दिलीपराव रोज सकाळी मोबाईल सेल्फी स्टिकला लावून खाली सोडायचे आणि दुधीचा फोटो काढायचे. किती वाढला, रंग कसा आहे, डाग तर नाही ना पडला. हे जमुनाबाईंनी पाहिलं. त्यांना वाटलं, हा बाबा सोसायटीला दाखवायला आमच्या जवळ्याचे फोटो काढतोय! दुसऱ्या दिवशी ग्रिलला आतून जुनी साडी पडद्यासारखी बांधलेली. दुधी पडद्याआड गेला.

"आता काय करायचं?" दिलीपराव कासावीस झाले.

"खाली जायचं, बेल वाजवायची, सांगायचं," नंदिनीताई म्हणाल्या.

"मी? त्या बाईची बेल?"

"मग मी जाते."

"तू तर मुळीच जायचं नाही!"

 नंदिनीताई फक्त जरा हसल्या.

रविवार उजाडला. अबोली रिक्षातून निघाल्याचा फोन आला. दिलीपरावांनी भाकरी थापल्या होत्या. एक कोकण किनाऱ्यासारखी, दुसरी त्याहून वेडीवाकडी. पालकाची पाच पानं शिजून चमचाभर झाली होती. आता फक्त दुधी!

त्यांनी पडद्याचा दांडा काढला, त्याला तारेच्या हँगरचा आकडा बांधला आणि ग्रिलमधून खाली सोडला. चाचपडत, अंदाजानं. आकडा कशात तरी अडकला.

"लागला! नंदिनी, लागला!"

ओढला, तर येईना. आणखी ओढला. खालून कोणीतरी उलटं ओढलं!

"चोर! चोर आयला गो बाय! ग्रिलमधून चोर!" खालून जमुनाबाई गरजल्या.

"चोर तुम्ही! माझा दुधी सोडा!"

"तुमी दांडा सोडा!"

दोन मजल्यांमध्ये रस्सीखेच सुरू झाली. वेल ताणली, पानं सळसळली, दिलीपरावांनी एक पाय भिंतीला लावला आणि सगळा जीव लावून हिसका दिला. काट्कन वेल तुटली. आकडा सुटला, सुपाच्या काठाला लागला, सूप उलटलं, आणि पायलीभर जवळा ग्रिलच्या फटींतून भुरूभुरू खाली बरसला!

खाली नेमकी रिक्षा येऊन थांबली होती. त्यातून अबोली उतरत होती.

दिलीपरावांनी वरून पाहिलं. फोडणीचा वास न सोसणारी पोर! तिच्या केसांत जवळा, ओढणीवर जवळा, खांद्यावर जवळा! आणि ती डोळे मिटून, मान वर करून, अगदी निश्चल उभी.

"चक्कर आली! नंदिनी, पोरीला चक्कर आली!"

लिफ्टची वाट कोण बघतो! ते एका पायात चप्पल घालून जिन्यावरून सुसाट खाली धावले. "बाळा! बस, बस खाली! मी आत्ता पाणी... झटक ती घाण!"

अबोलीनं डोळे उघडले. कितीतरी दिवसांनी त्या डोळ्यांत थोडं पाणी होतं आणि थोडा उजेड.

"बाबा," ती म्हणाली, "किती छान वास येतोय!"

दिलीपरावांना कळेना, आपण काय ऐकलं.

"तेच तर मी फोनवर सांगत होते. नुसता दुधी नाही, जवळा घातलेला दुधी. आजोळी लहानपणी खाल्लेला. मागच्या वेळी इथे आले तेव्हा खालून वास आला, तेव्हापासून जीव तिथेच अडकलाय. पण तुम्ही फोनच ठेवलात! आणि नंतर... तुम्हाला कसं सांगणार?"

ती जिना चढू लागली. दिलीपराव मागून. दुसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं, आणि दारात जमुनाबाई. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात दुधी. दुधी होता जाळ्याच्या तुकड्यात, कडेवरच्या बाळासारखा नीट झोळीत. वेलीला भार सोसवेना म्हणून पडद्याआड त्यांनीच ती झोळी बांधली होती. दिलीपरावांचा आकडा अडकला होता तो त्याच झोळीत.

"याऽ साहेब!" जमुनाबाईंनी आवाज चढवला. "माजा सगला जवला गेला! आता..."

मग त्यांची नजर अबोलीवर गेली. बसलेले गाल, केसांतला जवळा, दुधीवर खिळलेले डोळे. कोयता खाली आला.

"कितवा गो बाय?"

"तिसरा."

"खातंस का काय?"

अबोलीनं मान हलवली. नाही म्हणून.

"आत ये," जमुनाबाई म्हणाल्या. "डब्यान हाय अजून मूठभर."

पुढचं सगळं भराभर झालं. दुधी चिरला, लसूण ठेचला, जवळा भाजला. नंदिनीताई वरून ओटीचं ताट घेऊन आल्या. जमुनाबाई आणि नंदिनीताई, दोघींनी मिळून अबोलीची ओटी भरली. दिलीपराव सोफ्याच्या कडेवर बसले होते, बंदरात कोणी न सोडवलेल्या कंटेनरसारखे. नाकाला रुमाल लावावा की न लावावा, हेही त्यांना ठरवता येत नव्हतं.

अबोलीनं पहिला घास घेतला.  दुसरा घास. तिसरा. ती उठून पळाली नाही. चौथ्या घासाला तिनं बोटं चाटली. दिलीपरावांना एकदम भरून आलं, आणि हातातला रुमाल शेवटी डोळ्यांना लागला.

"वहिनी," त्यांनी घसा खाकरला, "माझं... ते मीटिंगमधलं... चुकलंच."

"जाऊ द्या ओ भाव, जेवा आता," जमुनाबाई वाढत वाढत पुढे सरकल्या. "नंदिनीताय, तुमाला भात बुधवारच्याएवढाच का जास्ती?"

दिलीपरावांनी झटकन मान वर केली.

बुधवार? बुधवारी दिलीपराव खत आणायला पनवेलच्या नर्सरीत जात. जेवायलाही परत येत नसत. आणि नंदिनीताई माहेरच्या दापोलीच्या. लग्नानंतर त्यांनी मासळी कायमची सोडली, हे दिलीपराव चारचौघांत अभिमानानं सांगत आले होते.

"म्हणजे तू... दर बुधवारी?"

"छे हो, दर कुठला?" नंदिनीताई भातात रस्सा कालवत म्हणाल्या. "संकष्टी आली तर गुरुवारी येते."

अबोलीनं रिकामं ताट पुढे केलं. जमुनाबाईंनी डाव भरून वाढला. आता पातेल्यात अगदीच थोडं उरलं होतं, आणि ते किती उरलंय याकडे दिलीपरावांचं बराच वेळ लक्ष होतं. शेवटी ते जमिनीकडे बघत, अगदी हळू म्हणाले,

"वहिनी, माझ्यासाठी नुसत्या दुधीच्या फोडी निघतील का? म्हणजे... रस्सा लागला असला तरी चालेल."