बदलून हवा असलेला जोडा

नवऱ्याला वाढदिवसाला काय द्यावं, यावर मी जेमतेम दहा मिनिटं विचार केला. तिथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

तो दर रविवारी टेकड्यांवरून वीस-बावीस किलोमीटर धावतो. (कोणी मागे लागलेलं नसताना.) त्याच्या बुटांचे तळवे पार गुळगुळीत झाले होते. लग्नाला तेव्हा पंधराच दिवस झाले होते. तो झोपेत असताना मी दारामागची निळी सपात उचलली, वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने कड काढली आणि कागद घेऊन दुकान गाठलं. दुकानदार म्हणाला, डोंगरवाटेचे बूट कागदावर घेत नाहीत, माणूस आणा. मी म्हटलं, सरप्राइज आहे. त्यानं सुस्कारा सोडला, बूट दिले आणि कागद खोक्यात कोंबला.

नवरा हरखला. पहिल्या रविवारी तेच घालून गेला. आणि त्यानंतर काहीतरी बिनसलं.

तो घरातही मोजे घालून बसू लागला. अंघोळ करून बाहेर यायचा तोही मोज्यांत. शिवाय धावून यायचा घामाने निथळत, पण पहिल्या रविवारनंतर मी धुऊन ठेवलेले बुटांचे तळवे तसेच कोरे. मी बोलते कमी, पण तळवे बघते. माणूस टेकडीवर जातो आणि बुटांना माती लागत नाही, तर मग तो जातो कुठे?

ताईला फोन केला. तिच्या लग्नाला अकरा वर्षं झालीत, त्यामुळे संशयातला तिचा अनुभव दांडगा. तोंड बंद आणि कान उघडे ठेव, असा तिचा सल्ला.

बुधवारी संध्याकाळी तो गॅलरीत दबक्या आवाजात फोनवर बोलत होता.

"काका, हा जोडा काही जमत नाही. दिसायला छान आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण दोन महिने झाले, लांबच्या पल्ल्याला नाही निभायचा. बदलून मिळतो का बघतो." मग जरा थांबून म्हणाला, "तिला कसं सांगू, तेच कळत नाही."

जोडा! लग्नात येणारा-जाणारा प्रत्येक जण म्हणाला होता, जोडा शोभतो. आणि हा बदलून घ्यायला निघाला होता.

तो आत आला. मी दारातच उभी होते.

"काय सांगायचंय ते सांगून टाक," मी म्हटलं. "आणि बदलून कुठे मिळतं, तेही सांग."

तो खुर्चीवर बसला आणि मोजे काढले. दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळासारखी काळीनिळी.

"उतारावर बोटं पुढे आपटतात," तो म्हणाला. "तू इतक्या हौसेनं आणलेस गं. म्हणून जुने बूट स्कूटरच्या डिकीत ठेवतो आणि टेकडीखाली बदलतो."

"आणि जोडा?"

"बुटांचा. धावायला येतात ना, ते रिटायर्ड पोस्टमन काका, ते बुटांना जोडाच म्हणतात."

मला हसू आलं नाही. (ते ताईला आलं. अजून थांबलेलं नाही.)

बूट खोक्यात घालून लगेच दुकानात गेलो. दुकानदारानं त्याला उभं केलं, बोटांपुढे अंगठाभर जागा हवी, टाच उचलली जाता कामा नये, असं सांगत माप घेतलं. नऊ नंबर. मी आणलेले आठ. मग त्यानं खोक्यातला माझा कागद काढला आणि नवऱ्याचा पाय त्यावर ठेवला. टाच रेषेबाहेर.

"हे माप यांचं नाही."

नवऱ्यानं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मग कोणाचं?"

संशय घ्यायची पाळी आता त्याची होती. आणि त्याच क्षणी मला आठवलं, सासूबाईंनी आम्हा दोघांना एकसारख्या निळ्या सपाता आणल्या होत्या. मी चप्पल काढली आणि कागदावर उभी राहिले. रेषेला रेष.

लग्न ठरताना माझी उंची विचारली होती, शिक्षण विचारलं होतं. पायाचा नंबर कोणी विचारला नव्हता, आणि आम्हीही आपणहून सांगितला नव्हता.

दुकानदारानं आठ नंबर माझ्या पायात चढवला, पुढे दाबून पाहिलं आणि म्हणाला, "झकास! पण एकदा वापरलेला माल आम्ही परत घेत नाही."

त्यामुळे आता रविवारी पहाटे आम्ही दोघंही टेकडीवर असतो. काका म्हणतात, जोडा छान जमलाय. मी काहीच बोलत नाही. बोलायला आधी श्वास उरायला हवा.