देशमाने सरांच्या दारावरचा आकडा

देशमाने सरांच्या दारावर नावाची पाटी कधीच नव्हती. तिथं निळ्या रंगात एक संख्या होती: ७३९३९१३३. नवा पोस्टमन तिला मोबाइल नंबर समजायचा आणि दोन आकडे कमी पडले म्हणून हळहळायचा.

रंग माझ्याच दुकानातला. सरांनी तो एका शब्दाचीही घासाघीस न करता नेला, तेव्हापासूनच हा माणूस मला खटकतो.

परंड्यात मी पत्रे, पाइप, टाक्या विकतो. हमालीपासून इथवर आलो तो भाव पाडून. गोदामासाठी मला शेजारच्या सरांचं अर्धं अंगण हवंय, आणि हा माणूस भावच सांगत नाही! जास्त सांगणाऱ्याशी भांडता येतं. न सांगणाऱ्याचं काय करायचं?

एकदा म्हणाले, "शेठ, या संख्येला भाग देऊन दाखव. बाकी उरली न्हाय, तर अंगण तुझं. एकानं आन् तिनं स्वतःला भागलेलं धरणार न्हाय."

दुपारभर मी कॅल्क्युलेटर बडवला. स्क्रू मागायला आलेल्या गिऱ्हाइकावर खेकसलो. सातानं जाईना, तेरानं जाईना.

"सर, शेवटचा आकडा खोडा, मग बघतो!"

"खोड की! तरी फुटायची न्हाय. उजवीकडून एकेक खोडत जा, एकच उरंपर्यंत फुटायची न्हाय. लई ताठ हाय ती."

"मग मागं एक जोडतो."

"ते मातर चालत न्हाय. कुठलाबी नववा आकडा लाव, फुटती. आठांतच तिचं घर भरलं."

पुढं दारावरचे आकडे खरंच उजवीकडून जायला लागले. लोक म्हणाले, शेठचा रंगच हलका. मी भर चौकात भांडलो आणि तसाच तावातावानं सरांकडं गेलो. दारावर त्र्याहत्तर उरलं होतं.

"माझ्या रंगाची बदनामी चाललीय. कोण खरवडतंय?"

"मीच. आठ जण होतो रे आम्ही. आई गेली. दोघी पोरी सासरी गेल्या. तिन्ही पोरं कुर्डुवाडीची बस धरून नोकरीला गेली. आता मी आन् ही." आतून काकू खोकल्या.

यंदा उन्हाळ्यात काकूही गेल्या. दारावर नुसता सात राहिला. पोरं म्हणाली, विका आणि वाटून टाका. सर गरजले, "मी उरलोय तोवर या घराचे तुकडे व्हायचे न्हाईत!"

त्यानंतर मी रोज जायला लागलो. अंगणाचं बोलायलाच, दुसरं काही समजू नका. सर दोन कपांत चहा गाळतात आणि नाही म्हणतात.

परवा निघताना पाहिलं, सातापुढं खडूनं नऊ काढलेला.

"हा कोण आला राहायला?"

"एकोणऐंशी. तीबी फुटत न्हाय. एकट्या साताजवळ जागा असती." सरांनी माझ्याकडं न बघता कप विसळले. "रोज येऊन डोकं खातोस, तुला कुठंतरी मोजायला नको? खडूनं लिहिलंय. लई भांडलास तर पुसीन."

"खडू पावसात टिकत नाही," मी खेकसलो आणि दुकानातून निळ्या रंगाचा डबा आणून त्यांच्यापुढं आदळला.

"कितीचा रे?" सरांनी विचारलं.

मी भाव सांगितला नाही.