शेवटचा गड्डा

दिराने गाडी घेतली आणि मग त्याला जागेची आठवण झाली. मागच्या अंगणात वहिनींची ब्रोकली पाय पसरून बसली होती.

"वहिनी, बारा झाडांना अख्खं अंगण?"

"चार चाकांना तरी अख्खं कशाला, भाऊजी?"

वहिनी निवृत्त नर्स. मोठमोठ्या डॉक्टरांना तोंडावर सुनावलेली बाई. पण नवरा गेला आणि "तुला एकटीला कशाला हवं एवढं?" हे पालुपद सुरू झालं. आधी माडीवरची खोली गेली, मग मोठं कपाट. एकट्या बाईकडे जागा असली की ती सगळ्यांना रिकामीच दिसते. आता अंगण उरलं होतं, आणि ते सोडायला वहिनी तयार नव्हत्या.

दीर कचेरीत हेडक्लार्क. शिंक आली तरी कागदावर घेणारा. त्याने रीतसर करार लिहिला : 'शेवटचा गड्डा निघेपर्यंत जागा वहिनींची, नंतर गाडीची. झाड कोणीही उपटू नये.' शेवटचं वाक्य आपला न्यायीपणा दिसावा म्हणून. साक्षीदार त्याची बायको.

वहिनी दोन दिवस बहिणीकडे गेल्या, तेवढ्यात याने सुरी घेऊन बाराही गड्डे उडवले आणि ओट्यावर रांगेत मांडले.

"पीक निघालं, वहिनी. उद्या गाडी आत."

वहिनींनी अंगणात जाऊन देठ पाहिले, पानांच्या बेचक्यांत बोट घातलं आणि हसल्या.

"पंधरा दिवस थांबा. कागदात 'शेवटचा' लिहिलंय, 'पहिला' नाही."

पंधरा दिवसांत एकेका झाडाला चार-चार फुटवे आले, लिंबाएवढे गड्डे धरून. दिराने चिडून तेही कापले. आणखी आले.

"अहो, तुम्ही कापताय की पेरताय?" बायकोने विचारलं.

तो रोपवाटिकेत धावला. माळी म्हणाला, "साहेब, कापाल तेवढी देणार. तसंच फुलू द्या, पिवळं पडलं की संपलं."

दिराने सुरी ठेवली. वहिनींनी उचलली. दर तिसऱ्या दिवशी, फूल उमलायच्या आत, तिरका काप.

"हे बरोबर नाही, वहिनी!"

"कापू नये असं कुठं लिहिलंय? अक्षर तर तुमचंच आहे."

मग शेवटचा गड्डा आपल्या नजरेतून सुटू नये म्हणून दीर रोज सकाळी अंगणात उकिडवा बसू लागला. अळीने खाल्लेला गड्डा 'निघाला' असा धरायचा की नाही, असा वाद नको म्हणून अळ्या वेचू लागला. झाड वाळलं तर करार मोडल्याचा आळ येईल म्हणून पाणीही घालू लागला. गाडी रस्त्यावर आच्छादन पांघरून पडली होती.

ऊन तापलं. झाडं थकली. एका दुपारी वहिनींनी स्वतःच दिराला हाक मारली. आवाज जरा बसला होता, पण मान ताठ होती.

"संपलं, भाऊजी. मी भीक मागणार नाही. शब्द म्हणजे शब्द. आणा गाडी."

दीर खाली वाकला. एकेक पान उचलून पाहत तो कोपऱ्यातल्या झाडापाशी थांबला. बेचक्यात शर्टाच्या बटणाएवढं हिरवं काहीतरी होतं.

"संपलं कसं? हा काय आहे?"

"तो? या उन्हात तो टिकतोय होय!"

"टिकत कसा नाही? करार आहे!"

दीर तणतणत रस्त्यावर गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात गाडीचं आच्छादन होतं.

"बघताय काय, वहिनी? ते टोक धरा, बांधू चार काठ्यांना. सावली नको त्याला?"